लोखंडाचा ढीग म्हणे!

गेल्या दिवाळीला रियाधमध्ये एका घरी आम्ही फराळाला जमलो होतो. चिवड्याची वाटी हातात धरून आमच्या एका पुणेकर स्नेह्यांनी सिद्धान्त मांडला. जुन्या यंत्राला ‘रास्त भाव’ असं काही नसतंच. हर्रासात पडेल तो भाव. त्यापुढे जो तोंड उघडतो तो एक तर फसलेला गिऱ्हाईक असतो, नाही तर मेकॅनिक. ‘मेकॅनिक’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळी हसली, मीही हसलो. पण ते वाक्य तेव्हापासून दातात अडकलेल्या डाळ्यासारखं सलतंय. काढून टाकलेलं बरं.

भांडणाचं मूळ एक ट्रॅक्टर. स्नेही ज्या कंपनीत हिशेब सांभाळतात, तिच्या मालकांची अल-खर्जकडे एक ‘इस्तिराहा’ आहे. इस्तिराहा म्हणजे शहराबाहेरची चार भिंतींआडची वाडी : थोडी खजुराची झाडं, एक बैठकीची खोली, हिरवळीचा एक तुकडा, आणि गुरुवारी रात्री जमणारे भाऊबंद. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मालकांच्या वडिलांच्या वेळचा एक मॅसी फर्ग्युसन १३५ उभा आहे. मूळचा लाल, आता उन्हानं विटून जुन्या जास्वंदीसारखा झालेला. मालक म्हणाले विकून टाका, आणि ते काम हिशेबनिसाच्या गळ्यात पडलं. मी तासगावचा, द्राक्षबागेत ब्लोअरमागे धावत मोठा झालो आणि गेली सतरा वर्षं अल-खर्जच्या शेतांवर ट्रॅक्टर-पंप दुरुस्त करतोय. म्हणून मला भाव सांगायला नेलं. मी दहा हजार रियाल सांगितले. त्यांच्या मनात पंचवीस होते.

हा फरक निव्वळ घासाघिशीचा असता तर मी लेख लिहायला बसलो नसतो. त्यांनी पंचवीस हजारांसाठी एकामागून एक चार कारणं काढली, आणि गंमत म्हणजे त्यांतलं प्रत्येक कारण दुसऱ्याचा गळा धरतं.

पहिलं कारण खिशातून निघालं. मोबाइलवर त्यांनी मला अमेरिकेतल्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरांचे भाव दाखवले. व्हील हॉर्स, कब कॅडेट, जॉन डिअर ११०. रंगवून चकाचक केलेले, टायर काळेभोर. ‘बघा, बागेचा जुना ट्रॅक्टर, आणि किंमत काय!’ आता हा घोळ शब्दाचा आहे. अमेरिकेत गार्डन ट्रॅक्टर म्हणजे घरामागची हिरवळ कापायला, बर्फ लोटायला घेतलेलं दहा-पंधरा अश्वशक्तीचं यंत्र. जॉन डिअरचा ११० हा १९६३चा, कब कॅडेट त्याच्या दोन वर्षं आधीचा. बहुतेकांत एका सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं पेट्रोल इंजिन. ते यंत्र लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून चालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर तेच शोधत फिरतो आणि मागाल ते देतो. ती किंमत आजोबांची असते. अल-खर्जला बाग म्हणजे खजुराची. तिथं आळ्यांमधली माती उलटायची, शेणखत ओढायचं, छाटलेल्या झावळ्या वाहायच्या. बावन्न अंशांच्या शेडमध्ये ते हवेनं थंड होणारं इंजिन स्वतःच थंड कसं राहणार हा प्रश्न आहे. नाशिकच्या द्राक्षवाल्याला पुण्याच्या बंगल्यातल्या लॉनमोअरचा भाव सांगून पाहा. तो तुम्हाला चहा पाजेल आणि वाटेला लावेल.

मोबाइलवरच्या भावांबद्दल आणखी एक. तिथं दिसतो तो मागितलेला भाव. मिळालेला भाव कोणी छापत नाही. याबाबत इथले लोक आपल्यापेक्षा प्रामाणिक आहेत. सौदी माणूस जुनी वस्तू विकायला काढतो तेव्हा दोन आकडे सांगतो : एक ‘सूम’, म्हणजे आजवर खरोखर कोणी बोललेली बोली, दुसरी ‘हद्द’, म्हणजे ज्याखाली तो देणार नाही. सूम सहा हजार, हद्द नऊ. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की गाडी कुठं अडलीय. आमच्या स्नेह्यांकडे हद्द होती पंचवीस, आणि सूम विचारली तर म्हणाले, ‘अजून कोणी आलं नाही.’

दुसरं कारण ‘तुरासी’. हा इथला नवा लाडका शब्द. तुरास म्हणजे वारसा. वस्तूला तुरासी म्हटलं की तिची धूळसुद्धा भावात धरतात. जुन्या लँड क्रूझरवर या लोकांचं प्रेम मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. ‘शास’ म्हणून ओळखली जाणारी सत्तर मालिकेतली टोयोटा पाहिली की पोरं अजून थांबून हात फिरवतात. पण ट्रॅक्टरला हा नियम लावताना थोडं थांबावं. मॅसी १३५ इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात १९६४पासून पुढं दहा-अकरा वर्षं बनत होता आणि ढिगानं बनला. तो दुर्मीळ नाही, आणि दुर्मीळ नाही हेच त्याचं भाग्य. त्याचं तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन पुढच्या मॅसी २४०लाही लागलं. हा २४० लाहोरात मिल्लत कंपनीनं काढला, आणि मॅसीचं घराणं आपल्याकडे चेन्नईच्या टाफेनं १९६०पासून सांभाळलं. म्हणून आज अल-खर्जच्या दुकानात लाहोरचा पिस्टन आणि चेन्नईची क्लच प्लेट एकाच फळीवर शेजारी मिळतात. सरहद्दीवर जे जमत नाही ते एका लाल ट्रॅक्टरच्या पोटात जमतं. १३५ला जो काही भाव आहे तो या फळीमुळे आहे. त्याच्या जागी खरोखरचा दुर्मीळ, जगात शंभर उरलेला ट्रॅक्टर असता तर मी दहा काय, तीन हजारही सांगितले नसते. एक सील फुटलं की तो शोभेचा दगड. शोभेसाठीच घेणारा असेल तर त्याचा वेगळा बाजार आहे; पण मग तसं सांगा, ‘चालू कंडिशन’ म्हणू नका.

तिसरं कारण मात्र हिशेबनिसाच्या रक्तातलं, आणि ते उलट्या दिशेनं आलं. मी फार भाव पाडतोय असं वाटल्यावर ते म्हणाले, ‘तुमच्या पद्धतीनं गेलं तर मग घसाराच लावा ना.’ लावू या. आपल्या आयकराच्या नियमांत साधारण यंत्राला घटत्या किमतीवर वर्षाला १५ टक्के घसारा आहे. त्या हिशेबानं लाखाच्या यंत्राचे पन्नास वर्षांनी तीस रुपये उरतात. पुण्यात त्यात दीड वडापाव. ते स्वतःच हसले. पण मुद्दा सोडून हसले. घसारा हा सरकारला द्यायच्या कराचा हिशेब आहे, यंत्राच्या पोटात काय उरलंय त्याचा नाही. वय हा आकडाच जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. पन्नास वर्षांत एकदा नीट इंजिन बांधलेला ट्रॅक्टर दहा वर्षं हाल झालेल्या ट्रॅक्टरपेक्षा तरुण असतो.

तासांचा मीटरही तसाच. डॅशबोर्डवरच्या त्या काट्याकडे बोट दाखवून ‘फक्त चार हजार तास’ असं स्नेही म्हणाले होते. त्या काळचा हा मीटर केबलवर चालतो आणि इंजिनाचे फेरे मोजतो. एका ठरावीक वेगानं इंजिन फिरलं तरच त्याचा तास हा घड्याळाचा तास. संथ चालवला तर दोन तासांतही त्याचा एक पुरा होत नाही. आणि केबल तुटली की तो त्या दिवशी मरतो, ट्रॅक्टर मात्र पुढं वीस वर्षं राबतो. मी मीटरला बोट लावलं. काटा सैल, केबल खाली लोंबत होती.

आता चौथ्या कारणाकडे जाण्याआधी त्या शेडमध्ये नेमकं काय झालं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा राग कळणार नाही.

शुक्रवारी असरच्या नमाजाच्या सुमाराला आम्ही पोचलो. राखणदारानं ट्रॅक्टर आधीच सुरू करून ठेवला होता. छान फडफडत होता. स्नेही खूष. मी बंद करायला सांगितला आणि बाजेवर बसलो. म्हणाले, ‘का?’ म्हटलं, ‘चहा.’ गरम इंजिन कुठलंही सुरू होतं. त्याची परीक्षा थंड असतानाच. नोव्हेंबरची हवा, तरी ब्लॉकला हात लावता यायला दोन तास गेले. मधल्या वेळात मी फिरून घेतलं. पत्र्यावर गंजाचा ठिपका नाही, हे स्नेह्यांनी मला तीनदा दाखवलं. इथल्या नजदच्या कोरड्या हवेत गंज चढतच नाही, त्यात ट्रॅक्टरचं काही कर्तृत्व नाही. हाच ट्रॅक्टर कतीफला किंवा जुबैलला आखाताच्या दमट खाऱ्या वाऱ्यात राहिला असता तर मडगार्डमधून बोट आरपार गेलं असतं. तिकडं पत्रा पाहायचा. इकडं रबर. मागच्या दोन्ही टायरांच्या नक्ष्या उंच होत्या, पण बाजूच्या भिंतीला उन्हानं बारीक भेगांचं जाळं पडलं होतं, भाजलेल्या पापडासारखं. मग थंड झालेलं इंजिन सुरू करून हायड्रॉलिकचे दोन्ही हात उचलले, मागं खताच्या गोण्या टांगल्या आणि इंजिन पुन्हा बंद केलं. चहा संपेपर्यंत हात दोन बोटं खाली आले. फार वाईट नाही. सीलं बदलली की काम होतं. क्लच मात्र अगदी वर येऊन धरत होता. पुढचा ॲक्सल हलवला तर किंगपिन कडक. हे चांगलं, आणि मी ते मोठ्यानं म्हणालो.

मग रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी पिवळं. ‘गंज,’ स्नेही म्हणाले. आत्ताच तर गंज नाही म्हणत होते. वास घेतला. घरी वरणाला येतो तोच. रुमालाचं टोक बुडवलं, पिवळा डाग आला. मोरीवरून कपड्याच्या साबणाची वडी आणली आणि डागावर घासली. डाग लाल झाला.

हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. साबणाचंही तेच. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, भेगा बुजतात, गिऱ्हाईक जाईपर्यंत पाणी थांबतं. हा आपल्या हायवेवरचा तोडगा; इथं अरबस्तानात पोचलेला पाहून मला क्षणभर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. राखणदाराला विचारलं. तो बिचारा लगेच कबूल झाला, ‘पाणी गळत होतं, मुदीर म्हणाले गिऱ्हाईक येणार आहे.’ मुदीर म्हणजे व्यवस्थापक. म्हणजे आमचे स्नेही. त्यांनी हळद टाकायला सांगितली नव्हती; फक्त ‘गळताना दिसू नये’ एवढं सांगितलं होतं.

हळदीनं खरं नुकसान काय केलं? तिनं प्रश्न बुजवला. रेडिएटर गळत असेल तर तो बदलायचा, सात-आठशे रियालांचं काम. पण पाणी हेड गॅसकेटमधून जात असेल, किंवा ब्लॉकलाच चीर असेल, तर इंजिनच बांधायला घ्यावं लागतं. इथल्या विहिरींचं पाणी जड आणि खारट, पन्नास वर्षं तेच प्यालेल्या ब्लॉकच्या आत क्षाराची साल किती जाड झाली असेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. हळद होती म्हणून त्या दिवशी कळलं नाही की यांतलं कुठलं. म्हणून मी शंकेचे पैसे कापले. विकणाऱ्यानं शंका निर्माण केली तर ती विकत घेणाऱ्यानं फुकट का घ्यायची?

माझा हिशेब असा होता. आमच्या भागात असा १३५ चांगल्या टायरांवर, सकाळी एका सेल्फला सुरू होणारा, अठरा हजारांच्या आसपास जाताना मी पाहिला आहे. त्यातून मागचे दोन टायर चोवीसशे, क्लच पंधराशे, डिझेल पंप आणि नोझल नऊशे, रेडिएटर आठशे, हायड्रॉलिकची सीलं सहाशे, सतहा, म्हणजे सपाट पाठीच्या गाडीवर घालून न्यायचे चारशे. सहा हजार सहाशे गेले. उरले अकरा हजार चारशे. शंकेचे चोवीसशे कापले, नऊ हजार. शेडमागे एक डिस्क हॅरो उलटी पडली होती, तिच्या ताटल्या शाबूत होत्या. तिच्याकडे स्नेह्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. तिचा एक हजार मी स्वतः वर धरला. दहा हजार. या हिशेबात माझ्या आवडीनिवडीचा भाग कुठं आहे ते कोणीही दाखवावं. टायरवाला चोवीसशेऐवजी अठराशे म्हणाला तर भाव सहाशेनं वर जाईल. मी अडवणार नाही. रास्त भाव म्हणजे असा, ज्याची प्रत्येक ओळ दोघांनाही खोडता येते. ‘हर्रासात पडेल तो’ या आकड्याची एकही ओळ खोडता येत नाही, कारण ओळीच नसतात.

दुरुस्तीचे हे आकडेही काळाप्रमाणे फिरतात, आणि जुन्या माणसांचा अंदाज इथंच चुकतो. २०१५च्या अखेरीपर्यंत इथं डिझेल लिटरला २५ हलाला होतं. त्या दिवसांत पंप गळतोय, नोझल थुंकतोय, याकडे कोणी पाहत नसे. २०२५च्या जानेवारीत तेच डिझेल १ रियाल ६६ हलालांवर आलं. झिजलेल्या इंजिनानं तासाला एक लिटर जादा जाळलं आणि ट्रॅक्टर वर्षाला तीनशे तास चालला, तर पूर्वी पंचाहत्तर रियालांचा फटका बसायचा, या भावानं जवळजवळ पाचशेचा. सुट्या भागांवर २०२०च्या जुलैपासून १५ टक्के व्हॅट. कामगाराच्या परवान्यावर महिन्याला सातशे-आठशे रियालांची फी, त्यामुळे उस्तादाची मजुरीही ती राहिली नाही. ‘थोडं काम आहे, करून घ्याल’ हे वाक्य दहा वर्षांपूर्वी स्वस्त होतं.

तर चौथं कारण. हळद पकडली गेल्यावर स्नेही शांतपणे म्हणाले, ‘ठीक आहे. मग आपण हर्रासात नेऊ आणि ढीग म्हणून विकू.’

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी : इथल्या जुन्या गाड्यांच्या हर्रासात दलाल एक मंत्र म्हणतो. ‘कूमत हदीद’, लोखंडाचा ढीग. कधी ‘मिल्ह फी माय’, पाण्यातलं मीठ. अर्थ असा की मी तुला गाडी विकत नाही, लोखंडाचा ढीग विकतो आहे. विरघळली तरी माझ्याकडे यायचं नाही. हर्रास हा आपला शब्द मुळात यांचाच, अरबी ‘हराज’. दलालही त्यांचा, ऐबही त्यांचा. शब्द घेताना आपण त्यांच्यामागचा कायदा मात्र बंदरावरच ठेवून आलो. पुणेकर स्नेह्यांना वाटलं की ढीग म्हटलं की सगळं माफ, आणि ही इथली परंपराच आहे.

परंपरा आहे, पण तिच्यावर इथंच कोरडे ओढले गेले आहेत, आणि ओढणारा कोणी परदेशी ग्राहक-संघवाला नव्हता. कसीमच्या उनैझाचे शेख मुहम्मद इब्न उसैमीन, ज्यांचा शब्द या देशात घराघरात चालतो आणि जे २००१मध्ये वारले, त्यांना नेमकं हेच विचारलं गेलं होतं. त्यांचा निवाडा थोडक्यात असा : विकणाऱ्याला ऐब माहीतच नसेल तर ढीग म्हणायला हरकत नाही, पण माहीत असूनही झाकायला हे शब्द वापरत असेल तर त्याची सुटका नाही, घेणारा माल परत करू शकतो. याच्या मागे धान्याच्या ढिगाची फार जुनी हकीकत आहे. प्रेषितांनी बाजारात एका ढिगात हात घातला तर वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं. पावसानं भिजलं म्हणाला. मग ओलं वर का नाही ठेवलंस, असा सवाल झाला. ओलं वर ठेवा, एवढाच नियम. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्रात, खोटी बोली लावून भाव चढवण्यालाही नाव आहे, ‘नजश’, आणि तेही निषिद्ध. २०२३च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या दिवाणी व्यवहारांच्या संहितेत मालातल्या दोषांची जबाबदारी लेखीच आली आहे. तेव्हा ‘इथं असंच चालतं’ हे सांगताना जरा जपून. इथं असं चालतं, आणि इथंच ते चुकीचं ठरवलंही जातं.

पण मला धर्माच्या आणि कायद्याच्या आड उभं राहून भांडायचं नाही. मला त्या मंत्रातली लबाडी दाखवायची आहे, आणि ती साध्या हिशेबाची आहे. ढीग विकायचा असेल तर काट्यावर घाला. मॅसी १३५ दीडेक टनाचा. लोखंडाचा जो दर असेल तो लावा, पैसे घ्या, घरी जा. कोणाची तक्रार नाही, हळदीचीही नाही. भंगारवाल्याला रेडिएटर गळला काय नि न गळला काय. तुम्हाला मात्र विकायचाय ढीग आणि पैसे हवेत ट्रॅक्टरचे. पंचवीस हजार कशाचे? सुरू होतो त्याचे, ओढतो त्याचे. ते पैसे घेताना तो ट्रॅक्टर असतो आणि पावती फाडताना ढीग होतो. एका वस्तूची एका मिनिटात दोन नावं. आमच्या तासगावच्या बाजारात बैल विकताना कोणी ‘हे मांस आहे’ असं म्हणून औताच्या बैलाची किंमत मागितली असती, तर लोकांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

स्नेही हुशार आहेत, त्यामुळे त्यांचा खरा बचाव याहून बरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं : घेणाराही काही कुक्कुलं बाळ नसतो. ढीग म्हटलं की तो समजून भाव पाडूनच बोलतो. म्हणजे धोका किमतीत आलाच. मग अन्याय कुठं?

अन्याय चांगल्या ट्रॅक्टरवाल्यावर होतो. सगळेच ढीग म्हणत असतील तर घेणारा सगळ्यांचेच पैसे कापतो. ज्यानं वेळेवर तेल बदललं, ज्याच्या रेडिएटरमध्ये पाणीच आहे, त्यालाही हळदवाल्याचा भाव मिळतो. तो एकदा येतो, ऐकतो, आणि ट्रॅक्टर परत नेतो. पुढच्या आठवड्यात हर्रासात उरतात ते हळदीचे. भाव आणखी पडतो. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७०मध्ये जुन्या मोटारींवर नेमकं हे लिहिलं आणि २००१मध्ये त्याला नोबेलचा वाटा मिळाला. हे मला हिशेबनिसाला सांगावं लागतं याचंच आश्चर्य. ‘हर्रासात पडेल तो भाव’ म्हणणारे विसरतात की तो भाव त्यांच्यासारख्यांनीच पाडलेला असतो, आणि मग ते त्याला बाजार म्हणतात.

शिवाय बाजार म्हणजे कुठला? कुठल्या दिवसाचा? १९७९मध्ये इथल्या सरकारनं गव्हाला टनाला ३५०० रियाल भाव बांधून दिला, जगात कुठं नव्हता इतका. वाळवंटात गोल गोल हिरवी शेतं उगवली. १९९२च्या सुमाराला पीक चाळीस लाख टनांवर गेलं. जमिनीखालचं पाणी आटायला लागलं, २००८मध्ये खरेदी दरवर्षी कमी करायचं ठरलं आणि २०१६मध्ये ती थांबली. त्या वर्षांत मोठमोठे ट्रॅक्टर हर्रासात रांगेनं उभे होते आणि कवडीमोलानं गेले. ते यंत्र म्हणून वाईट झाले होते का? मुळीच नाही. त्यांचं काम गेलं होतं. त्याच काळात खजुराच्या बागेतला छोटा ट्रॅक्टर मात्र, माझ्या पाहण्यात, टिकून राहिला. झाडं उभी होती, आळी खणायची होतीच. म्हणून मी कोणाला भाव सांगण्याआधी विचारतो, नेऊन काय करणार? मालकांचा तो १३५ हिरवळीच्या कडेला रंगवून उभा करायचा असेल तर मी क्लचकडे बघणारही नाही. झावळ्या वाहायला हवा असेल तर रंगाकडे बघणार नाही. काम न विचारता भाव सांगणारा मला वैद्य वाटत नाही, औषधविक्या वाटतो.

आणि स्नेह्यांनी मला जो टोमणा मारला, मेकॅनिक म्हणून, तोही उलटा लागू पडतो. मेकॅनिकचा स्वार्थ कशात असतो? ढिगात. फसलेला गिऱ्हाईक माझ्याकडेच येतो, इंजिन खोलतो, महिनाभर माझी चूल पेटते. हळदीनं माझा धंदा वाढतो. मीही एकदा असाच फसलेला आहे. दमामच्या बाजूनं आणलेल्या एका छोट्या जपानी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा निघाला होता, आवाज दाबायला भरलेला. तो भुसा मी दोन दिवस चमच्यानं काढत होतो. विकणाऱ्यानं ढीगच म्हटलं होतं. मी ऐकलं होतं, आणि तरी घेतला, कारण सुरू होताना तो गोड वाजत होता. तेव्हा घेणाऱ्याच्या हुशारीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी माझ्याकडे पाहावं. सतरा वर्षं मुरलेला मेकॅनिक, कान ट्रॅक्टरचा, आणि भुशानं गंडवला.

दिवाळीनंतर स्नेह्यांनी ट्रॅक्टर हर्रासात नेला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. एक शेतकरी बघून गेला, सूम सात हजारांवर आली. मग त्यांनी मला जाहिरातीचा कच्चा मजकूर पाठवला, अरबीत, कुणाकडून तरी नीट लिहून घेतलेला. हद्द अकरा हजार. खाली ऐबांची यादी : मागचे टायर, क्लच, लिफ्टची सीलं, डिझेल पंप, मीटर बंद. पाच. हॅरो वेगळी लिहिली होती, तिच्या ताटल्यांच्या संख्येसह. वाचून बरं वाटलं.

रेडिएटरचा शब्द कुठं नव्हता. मी सहावी ओळ घातली, ‘पाण्यात कुरकुम’, म्हणजे हळद, आणि मजकूर परत पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.